माहिती वर जाते, मूल तेथेच राहते

शिक्षणाच्या क्षेत्रात दर दहा-बारा वर्षांनी एक नवा शब्द अवतरतो आणि जुन्या सर्व दुखण्यांवर तोच रामबाण उपाय असल्याचे सांगण्यात येते. कधी ‘आनंददायी शिक्षण’ आले, कधी ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आले. सध्या ‘वैयक्तिक अध्ययना’चा गजर सुरू आहे. त्याचा अर्थ थोडक्यात असा की वर्गातील प्रत्येक मुलापुढे संगणक किंवा टॅब्लेट असावा, त्या यंत्राने मुलाला प्रश्न विचारावेत, मूल कोठे चुकते ते टिपावे आणि पुढचा पाठ त्या चुकीला धरून द्यावा. परीक्षाही सर्वांना एकच नसावी. ज्याची जेवढी तयारी तेवढे प्रश्न असावेत. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रगतिपुस्तकाचे रूप बदलण्याची आणि मुलाच्या वाढीचा मागोवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ठेवण्याची कल्पना स्पष्टपणे मांडलेली आहे. तेव्हा हा विषय आता केवळ महानगरांतील श्रीमंत शाळांचा राहिलेला नाही. तो लष्करातील, मुरारमधील आणि भिंड-मुरैनाच्या खेड्यांतील शाळांचाही झाला आहे.

या विषयावर आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींत सामान्यतः दोन तट पडलेले दिसतात. एक पक्ष म्हणतो की पाटी-पेन्सिलीवर आमच्या तीन पिढ्या शिकल्या, या काचेच्या पाट्यांनी मुलांचे डोळे आणि डोके दोन्ही बिघडणार. दुसऱ्या पक्षाची नातवंडे पुण्याला, बंगळुरूला किंवा सातासमुद्रापलीकडे आहेत. तो म्हणतो की मास्तरांचे युग संपले, यंत्र मास्तरांपेक्षा चांगले शिकवते. आम्हांला हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. आमचे भांडण यंत्राशी नाही. यंत्राने मुलाविषयी जी माहिती गोळा होते ती कोणाकडे जाते आणि तिचे पुढे काय होते, या व्यवस्थेशी आमचे भांडण आहे; आणि ते नीट मांडले गेले नाही तर कोट्यवधी रुपये खर्चूनही मूल जेथे आहे तेथेच राहील, असे आमचे ठाम मत आहे.

प्रथम दुखणे खरे आहे हे मान्य करू. ‘असर’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या पाहणीच्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी केवळ २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. पाचवीतही हे प्रमाण निम्म्याच्या आतच, म्हणजे ४८.७ टक्के आहे. याचा अर्थ असा की पाचवीच्या वर्गात उभा राहणारा शिक्षक ज्या पुस्तकातून शिकवतो ते पुस्तक समोरच्या निम्म्या मुलांना वाचताच येत नाही. दिल्लीतील एका अभ्यासात सहावीची मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आढळली, आणि नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांचे झालेले होते. शिक्षक अभ्यासक्रम पूर्ण करतो, कारण तो पूर्ण झाला की नाही एवढेच त्याला विचारले जाते. मुले वर्षामागून वर्षे वर्गात बसून राहतात. अशा स्थितीत ‘प्रत्येक मुलाला त्याच्या पायरीवरून शिकवा’ असे कोणी म्हटले तर त्याला विरोध करण्याचे कारणच काय?

किंबहुना ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीच. पंतोजींच्या शाळेत इयत्ता नव्हत्या. एक मुलगा धुळपाटीवर अक्षर गिरवी, दुसरा पावकी-निमकी म्हणे, तिसरा मोडी वाची, आणि मोठा मुलगा धाकट्याला शिकवी. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल याने मद्रासेत वाळूवर अक्षरे गिरवण्याची ही देशी रीत पाहिली आणि तिच्यावरून इंग्लंडात शिक्षणाची एक पद्धतच उभी केली. त्या शाळेचे गोडवे गाताना दोन गोष्टी मात्र विसरता कामा नयेत. तेथे छडी होती, आणि गावातील बहुसंख्य मुलांना व जवळजवळ सर्व मुलींना तिचा दरवाजा बंद होता. सर्वांना शाळेत आणायचे म्हटल्यावर वर्ग आला, वर्गाबरोबर एकच पुस्तक आले आणि एकाच दिवशी सर्वांची एकच परीक्षा आली. संख्या वाढली तसे मूल दिसेनासे झाले. आजचे यंत्र ही हरवलेली नजर परत आणून देण्याचे वचन देत आहे.

या वचनाची परीक्षा कशी करावी, हे ग्वाल्हेरकरांना दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही. अगदी असाच वाद या शहरात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. तो गाण्याच्या संदर्भात झाला, एवढेच.

आपल्या घराण्यातील तालीम म्हणजे वैयक्तिक शिक्षणाचा कळसच होता. गुरू शिष्याचा गळा ओळखी. कोणाला आकार पक्का होईपर्यंत महिनोन्‌महिने एकाच स्वरावर ठेवी, कोणाला लवकर ख्याल देई, कोणाची तान मुद्दाम रोखून धरी. अभ्यासक्रम छापलेला नव्हता, तो गुरूच्या कानात होता. शिष्य कोठे अडला हे त्याच क्षणी कळे आणि त्याच क्षणी दुरुस्त होई. पण ही विद्या मोजक्यांनाच मिळे. गुरूच्या मर्जीवर सर्व अवलंबून असे, आणि चीज लपवण्याची वृत्तीही होतीच. १९१४ साली कृष्णराव शंकर पंडितांनी वडिलांच्या नावाने गांधर्व महाविद्यालय काढले. पुढे १९१८ साली माधवराव महाराजांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत विद्यालय सुरू झाले. गाणे वर्गात आले. स्वरलिपी आली, फळा आला, श्रेणी आल्या, परीक्षा आली. पुढे ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे सहा भाग आले.

स्वरलिपी हे त्या काळचे नवे तंत्रच होते. तिच्यावर त्या वेळी घेतलेले आक्षेप आजही जुन्या घरांतून ऐकायला मिळतात: कागदावर मींड उतरत नाही, चाळीस जणांच्या घोळक्यात गळा घडत नाही, परीक्षा देऊन कोणी गवई होत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की लपलेल्या चिजा उघड झाल्या, मध्यमवर्गीय घरांतील मुलामुलींना गाणे खुले झाले, आणि तानसेन झाले नाहीत तरी कानसेन पुष्कळ झाले. आमच्या मते दोन्ही बाजू खऱ्या होत्या, आणि निर्णय शेवटी एकाच गोष्टीने केला. शंकरराव पंडितांकडे तालीम घेतलेले राजाभय्या पूछवाले भातखंड्यांची पद्धती शिकून आले आणि पुढे याच विद्यालयाचे प्राचार्य झाले. ज्याचा कान तयार आहे अशा माणसाच्या हाती स्वरलिपी आली की ती चाकर होऊन राहते. तो पुस्तक मिटून शिष्याच्या गळ्याकडे पाहू शकतो. ज्याचा कान तयार नाही, किंवा ज्याला पुस्तकाबाहेर जाण्याची मुभाच नाही, त्याच्या हाती तीच स्वरलिपी मालकीण होऊन बसते. आज टॅब्लेटबद्दल नेमके हेच म्हणायचे आहे.

यंत्रच गुरू होईल ही आशाही नवी नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९५४ सालीच ‘शिकवणारे यंत्र’ मांडले होते. मुलाने उत्तर द्यावे, यंत्राने ताबडतोब बरोबर-चूक सांगावे आणि ज्याने त्याने आपल्या गतीने पुढे जावे. आमच्या शेजारच्या शिवपुरीने तर या स्वप्नाचा एक जगप्रसिद्ध प्रयोग पाहिला आहे. १९९९ साली सुगत मित्रा यांनी दिल्लीत कालकाजी येथे भिंतीला भगदाड पाडून त्यात संगणक बसवला, आणि त्याच वर्षी शिंदे सरकारांच्या या उन्हाळी राजधानीतही तो प्रयोग झाला. शिक्षक नसताना, इंग्रजी येत नसताना मुले आपापसांत शिकून संगणक चालवू लागली. ही गोष्ट कौतुकाची होती, यात शंका नाही. मित्रा यांना २०१३ साली अमेरिकेतील ‘टेड’ या संस्थेचे १० लाख डॉलरांचे पारितोषिकही मिळाले. परंतु संगणक चालवता येणे वेगळे आणि संगणकामुळे भागाकार समजणे वेगळे. घोळक्यात मागे उभ्या राहिलेल्या मुलीला काय आले नाही, हे त्या भिंतीला कोणी विचारू शकत नव्हते. मुलांना यंत्रापाशी सोडून दिले की शिक्षण आपोआप होते, या समजुतीने मात्र सरकारी कचेऱ्यांत कायमचे घर केले. संगणक घेणे सोपे असते आणि शिक्षक नेमणे अवघड, हे त्यामागचे खरे इंगित आहे.

यंत्राच्या बाजूचा पुरावाही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण तो भक्कम आहे. वर ज्या दिल्लीच्या अभ्यासाचा उल्लेख केला तो कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियान यांचा. तो २०१९ साली अमेरिकेतील अर्थशास्त्राच्या एका अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शाळा सुटल्यावर ६१९ मुलांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांना ‘माइंडस्पार्क’ नावाच्या संगणकीय प्रणालीवर शिकण्याची संधी देण्यात आली. प्रणाली प्रत्येक मुलाची पातळी शोधून तेथून प्रश्न देई. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत लक्षणीय प्रगती झाली, आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांनाही तिचा लाभ मिळाला. हे सर्व खरे आहे. पण त्या अभ्यासातील दोन गोष्टी जाहिरातवाले सांगत नाहीत. पहिली अशी की रोजच्या नव्वद मिनिटांपैकी निम्मा वेळच संगणकापुढे जाई. उरलेला निम्मा वेळ लहान गटात एक माणूस मुलांना शिकवी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मुलांची गणितातील ही प्रगती शाळेच्या आपल्या इयत्तेच्या परीक्षेत जवळजवळ उमटलीच नाही. सहावीतील मूल तिसरीवरून चौथीवर आले, पण शाळा त्याला सहावीचाच प्रश्न विचारत राहिली आणि तो पुन्हा नापासांतच राहिला. यंत्राने त्याला ओळखले, शाळेने ओळखले नाही.

आणि ओळखण्यासाठी यंत्रच लागते असेही नाही. १९९४ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने, जिच्या संस्थापकांत माधव चव्हाण आणि फरीदा लांबे आहेत, एका कागदावर हे काम करून दाखवले. कागदावर काही अक्षरे, काही शब्द, एक छोटा परिच्छेद आणि एक गोष्ट असते. मुलाला जवळ बसवून वाचायला सांगायचे. कोठे थांबला तेवढे पाहायचे. पाच-सात मिनिटांत त्याची पायरी कळते. मग इयत्ता बाजूला ठेवून अक्षरवाल्या मुलांचा एक गट, शब्दवाल्यांचा दुसरा, असे रोज थोडा वेळ शिकवायचे. अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनी याच संस्थेच्या मुंबई-बडोद्यातील कामाचे परीक्षण केले. बडोद्यात एका संगणकावर दोन मुले बसवून आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ दिले, त्याचाही चांगला परिणाम दिसला. २०१९ साली या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तेव्हा कागद असो वा संगणक, मुलाची पायरी शोधून तेथून शिकवले की मूल शिकते, हे सिद्ध आहे. मग अडते कोठे?

येथे आम्हांला थोडे आमच्या अनुभवाचे बोलू द्यावे. राज्य शासनाच्या सेवेत आम्ही तीन तपे काढली. या सेवेचा एक अलिखित नियम आहे: माहिती खालून वर जाते आणि आदेश वरून खाली येतो. माहितीच्या बदल्यात खाली काही येत नाही. प्रपत्र येते, ते भरायचे असते. सांगण्यासारखे काही नसेल तर ‘निरंक’ लिहून पाठवायचे असते, पण पाठवायचेच असते. समय-सीमेच्या साप्ताहिक बैठकीत कोणाची माहिती आली नाही एवढेच विचारले जाते. आलेल्या माहितीवरून काय केले, हा प्रश्न आम्ही कोणत्याही खात्यात क्वचितच ऐकला. अशा यंत्रणेत आकडा खरा असण्यापेक्षा तो वेळेवर असणे आणि मागच्या वेळेपेक्षा बरा असणे महत्त्वाचे ठरते. कनिष्ठ कर्मचारी अप्रामाणिक असतो म्हणून हे होत नाही. खरा आकडा पाठवणाऱ्याला नोटीस मिळते आणि सुशोभित आकडा पाठवणाऱ्याला शाबासकी, हे तो एका वर्षात शिकतो म्हणून होते.

आमच्याच राज्यातील उदाहरण पाहा. मध्य प्रदेशात २०११च्या सुमारास ‘प्रतिभा पर्व’ सुरू झाले. पहिली ते आठवीच्या लाखो मुलांची दरवर्षी चाचणी घ्यावयाची, प्रत्येक मुलाची पातळी नोंदवावयाची आणि मागे पडलेल्यांकडे लक्ष द्यावयाचे, असा त्याचा उद्देश होता. उद्देश निर्दोष होता. परंतु वर उल्लेखिलेल्या अभिजित सिंग यांनी त्याच मुलांना तेच प्रश्न देखरेखीखाली पुन्हा विचारले, तेव्हा सरकारी नोंदींतील यश फार फुगवलेले असल्याचे आढळले. याच अभ्यासात आंध्र प्रदेशात टॅब्लेटवर घेतलेल्या चाचणीत हा फुगवटा पुष्कळच कमी दिसला, हेही येथे सांगितले पाहिजे. यंत्राला खोटे लिहायला शिकवणे अवघड असते, एवढा त्याचा गुण आम्हांला मान्य आहे. पण आकडा खरा झाला म्हणजे मूल शिकले असे नाही. मध्य प्रदेशातच शाळांची गुणवत्ता तपासून प्रत्येक शाळेला तिचा स्वतंत्र सुधारणा-आराखडा करून देण्याची एक योजना राबवण्यात आली. मुरलीधरन आणि सिंग यांनी तिचे परीक्षण केले. तपासण्या झाल्या, आराखडे तयार झाले, कागद पूर्ण होते. पण शिक्षकाच्या शिकवण्यात, देखरेखीत आणि मुलांच्या शिकण्यात काहीही फरक पडला नव्हता. तरीही ही योजना यशस्वी समजून पुढे देशातील लक्षावधी शाळांत नेण्यात आली. ज्या यंत्रणेत कागदी ‘वैयक्तिक आराखडा’ असा जिरून गेला, तेथे टॅब्लेटवरचा आराखडा वेगळे काय करणार?

महाराष्ट्राने या बाबतीत एक उजळ उदाहरण घालून दिले आहे, आणि त्यातूनही नीट धडा घेतला गेला नाही असे आम्हांला वाटते. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे छोटे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची कल्पना राबवली. कोडवर मोबाइल धरला की त्या पाठाची कविता ऐकू येते, चित्रफीत दिसते, स्वाध्याय मिळतो. ‘बालभारती’ने ही कल्पना राज्यभर उचलली, आणि पुढे राष्ट्रीय पातळीवरील पुस्तकांतही ती आली. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. पारितोषिकाच्या १० लाख डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. हे मोठेपण वादातीत आहे.

पण राज्याने उचलले ते काय? छापलेला कोड. लक्षावधी पुस्तकांत तो एकच कोड आहे, आणि तो उघडणाऱ्या हुशार मुलाला व अडलेल्या मुलाला एकच चित्रफीत दिसते. त्यात वैयक्तिक काही नाही. कोणत्या मुलाला कोणती गोष्ट ऐकवायची आणि कोणाला कोणता स्वाध्याय द्यायचा, हे ठरवणारा परितेवाडीतील शिक्षक कोडात छापता आला नाही. आमच्या राज्यात एप्रिल २०२० मध्ये, शाळा बंद असताना, ‘डिजीलेप’ सुरू झाले आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर रोज धडे येऊ लागले. तो काळ संकटाचा होता, त्यामुळे त्या धडपडीला आम्ही नावे ठेवत नाही. परंतु एकाच संदेशाने राज्यभर एकच धडा पाठवणे हे वैयक्तिक शिक्षण नव्हे. आणि ज्या घरात एकच फोन असून तो बापाबरोबर मजुरीला जातो, त्या घरातील मुलाला तर तोही धडा मिळत नव्हता.

सरकारचे असे, तर बाजाराचे निराळेच. मध्यमवर्गीय घरांच्या भीतीवर पोसलेल्या शिकवणी-कंपन्यांनी ‘तुमच्या मुलासाठी खास’ असे म्हणत टॅब्लेट हप्त्यांवर विकले. या क्षेत्रातील सर्वांत मोठी कंपनी ‘बायजूज’. तिचे मूल्य २०२२ साली २२ अब्ज डॉलर सांगितले जात होते. जुलै २०२४ मध्ये त्याच कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. आमच्या समाजातील किती आजी-आजोबांनी निवृत्तिवेतनातून नातवंडांसाठी असे हप्ते भरले असतील! या व्यवहारात मुलाची नाडी तपासली गेली ती त्याला शिकवण्यासाठी नव्हे, बापाला आणखी एक अभ्यासक्रम विकण्यासाठी. सरकारी प्रपत्रात माहिती राजधानीकडे जाते, येथे ती विक्री-विभागाकडे जाते. मूल दोन्हीकडे तेथेच राहते.

यावर कोणी म्हणेल, ‘तुम्ही दोष दाखवता, पण शिक्षक शिकवत नाहीत त्याचे काय? यंत्राने त्यांच्यावर लक्ष तरी राहील.’ हा युक्तिवाद आम्ही पुष्कळ वेळा ऐकला आहे, आणि त्यातील कळकळ समजू शकतो. गैरहजर राहणारे, टाळाटाळ करणारे शिक्षक आहेत. त्यांच्यावर कारवाईचे नियमही आहेत, ते वापरावेत. परंतु मुलाची चूक शोधणारे साधन शिक्षकाची चूक पकडण्यासाठी वापरले की तो पहिले काम हे करील की मुलाची चूक दिसू देणार नाही. थर्मामीटर पाहून डॉक्टरला दंड करू लागलात तर इस्पितळात एकाही रोग्याला ताप आढळणार नाही. एकाच साधनाने निदान आणि पाळत ही दोन कामे होत नसतात, आणि निवड करायची तर निदानाचीच केली पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या सांगतो. यंत्राने मुलाविषयी काढलेली माहिती सर्वप्रथम त्याच्या शिक्षकाला आणि पालकाला, त्यांना समजेल अशा भाषेत, त्याच दिवशी मिळावी. वर जायचेच असेल तर शाळेची बेरीज जावी, मुलाचे नाव जाऊ नये, आणि त्या बेरजेवरून शाळांची उतरंड लावू नये. शिक्षकाला रोज दोन तास तरी इयत्तेचे पुस्तक मिटून मुलाच्या पायरीवरून शिकवण्याची लेखी मुभा असावी, आणि शाळेच्या परीक्षेनेही तिसरीवरून चौथीवर आलेल्या सहावीच्या मुलाची प्रगती प्रगती म्हणून मोजावी. अशी मुभा नसेल तर यंत्र मुलाच्या दुखण्याचे नाव सांगेल आणि औषध देण्यास बंदी राहील. टॅब्लेटच्या निविदेआधी रिक्त पदे भरली जावीत. एक शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळतो तेथे वैयक्तिक लक्षाची भाषा ही थट्टा आहे. आणि २०२३च्या विदासंरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची जी तरतूद आहे, तिला शिक्षणाच्या नावाखाली पळवाटा ठेवू नयेत. तिसरीत अडखळलेल्या मुलाचा तो डाग त्याच्या कायमच्या ओळखक्रमांकाला चिकटून बाराव्या इयत्तेपर्यंत त्याच्याबरोबर जावा, हे आम्हांला अन्यायाचे वाटते. शाळेत चुका पुसण्याची सोय पाटीवर होती. ती यंत्रावरही हवी.

एक मागणी खास आपली, या शहरातील मराठी घरांची आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन आपण मध्य प्रदेशात आलो, त्याच वर्षी घटनेत ३५०-अ हे कलम घालण्यात आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. या कलमाला आजवर एकच उत्तर मिळत आले: एका वर्गात दोन मराठी मुले, त्यांच्यासाठी शिक्षक कोठून आणणार? ते उत्तर पूर्वी निरुत्तर करणारे होते, आज नाही. प्रत्येक मुलाला वेगळा पाठ देणे हेच ज्या यंत्राचे ब्रीद आहे, त्याला चाळीस मुलांच्या वर्गातील दोघांना गणिताचा प्रश्न मराठीत विचारणे अवघड का जावे? ‘बालभारती’ची पुस्तके महाजालावर मोफत आहेत. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय व्यासपीठावर मराठीतील साहित्यही आहे. डिसले यांना पारितोषिक देणाऱ्या संस्थेने त्यांच्या कार्याच्या वर्णनात असे म्हटले होते की मुलांची घरची भाषा कन्नड असल्याने त्यांनी ती शिकून पुस्तके त्या भाषेत आणली. महाराष्ट्रात कन्नड मुलासाठी जी गोष्ट जगाने वाखाणली, ती ग्वाल्हेरमध्ये मराठी मुलासाठी मागण्यात संकोच कसला? आणि ती केवळ आपल्यासाठी मागू नये. बुंदेली, भिली, गोंडी बोलणाऱ्या मुलांचा हक्क आपल्याइतकाच, किंबहुना अधिक आहे, कारण त्यांच्यासाठी अशी तयार पुस्तके फारच थोडी आहेत.

मागणी करणे सोपे आहे आणि आपल्या मंडळींची ठराव करण्याची हौसही जुनी आहे. त्यामुळे एक प्रत्यक्ष काम सुचवून हे लेखन आटोपते घेतो. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समित्या केल्या आहेत, आणि त्यांत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. खासगी शाळांत पालकसभा होतात. वाचकांपैकी ज्यांची मुले-नातवंडे शाळेत आहेत त्यांनी, आणि ज्यांच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंची मुले सरकारी शाळेत आहेत त्यांनी त्या बाईंबरोबर, पुढच्या सभेला अवश्य जावे. संगणक किती आहेत हे विचारू नये. ते भिंतीवर लिहिलेले असते. एका मुलाचे नाव घेऊन विचारावे: ‘यंत्राने मागच्या आठवड्यात या मुलाबद्दल काय सांगितले, आणि त्यानंतर तुम्ही त्याच्यासाठी काय वेगळे केले?’ शिक्षकाला याचे उत्तर देता आले तर त्याचे मनापासून अभिनंदन करावे आणि त्याला आणखी साधने मिळवून देण्यासाठी झटावे. ‘ती माहिती आमच्याकडे येत नाही, परस्पर वर जाते’ असे उत्तर मिळाले तर शिक्षकावर रागावू नये. ते उत्तर लिहून घ्यावे, खाली सर्व पालकांच्या सह्या घ्याव्यात आणि तो कागद जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांच्या आवक-शाखेत देऊन पोच घ्यावी. वर जाणाऱ्या इतक्या कागदांत एक तरी कागद मुलाच्या बाजूचा असला पाहिजे.